धंद्याचं रक्त आणि उधारीची वही

श्रोतेहो, नमस्कार.

‘आमच्या घराण्यात धंद्याचं रक्तच नाही,’ असं आपण किती सहज बोलून जातो! अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी या समजुतीची परीक्षा भारतातच घेतली, 1964 च्या सुमारास, आंध्रातल्या काकीनाड्यात. तिथल्या छोट्या व्यापारी-उद्योजकांना त्यांनी हैदराबादला काही दिवसांचं प्रशिक्षण दिलं. मोजता येईल असं ध्येय ठरवायचं, जोखीम आधी अंदाजायची, निकाल स्वतः तपासायचा, असा त्याचा गाभा होता. पुढे हे व्यापारी प्रशिक्षण न घेतलेल्यांपेक्षा जास्त धडपड करताना दिसले. म्हणजे रक्तात नसलेलं थोडंफार अंगी बाणवता येतं.

मॅक्लेलंड यांच्या संशोधनातला एक खेळ तुम्हीही करून पाहा. जमिनीत खुंटी ठोका, हातात कड्या घ्या आणि कुठून फेकायच्या ते स्वतःच ठरवा. काहीजण खुंटीला चिकटून उभे राहतात. काही इतके लांब जातात, की कडी पडलीच तर ती नशिबाने. काहीतरी साध्य करण्याची ओढ ज्यांना असते, ते बहुधा मधलं अंतर निवडतात. तिथे नेम चुकतो, पण सरावाने सुधारतोही.

आता धाडसाबद्दल. 2010 साली झाओ, सायबर्ट आणि लम्पकिन या संशोधकांनी आधीच्या अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली. धोका पत्करायची वृत्ती असलेल्यांना धंदा सुरू करावासा वाटतो, हे त्यात दिसलं. धंदा चांगला चालण्याशी मात्र त्या वृत्तीचा संबंध आढळला नाही. उडी मारणारा पोहतोच असं नाही!

यातल्या दोघांनी 2006 मध्ये उद्योजकांची तुलना नोकरीतल्या व्यवस्थापकांशी केली होती. उद्योजक अधिक काटेकोर, नव्या गोष्टींना अधिक मोकळे आणि मनाने अधिक स्थिर निघाले. बोलकेपणात म्हणावा असा फरक नव्हता, त्यामुळे अबोल माणसाने उगाच कच खाऊ नये. भिडस्तपणा, समोरच्याचं मन राखण्याची सवय, उद्योजकांमध्ये कमी होती.

भिडस्तपणाची किंमत हिशेबात दिसते. समजा, तुम्ही घरगुती मसाले दुकानांना देता. महिन्याला 40,000 रुपयांचा माल जातो आणि दुकानदार सरासरी 45 दिवसांनी पैसे देतो. म्हणजे कायम 60,000 रुपये बाजारात अडकलेले. मिरची-धण्यांचा हंगाम आला, भाव उतरले, की खरेदीला हातात रोकड नाही. मग तोच माल पुढे चढ्या भावाने घ्यावा लागतो. मसाला उत्तम असतो, विक्रीही असते, आणि धंदा बसतो. कारण ‘भाऊ, पैसे कधी?’ एवढं विचारायला जीभ रेटत नाही.

स्वभाव रातोरात बदलत नाही, त्याला बांध घालता येतो. उधारीची मुदत आणि रक्कम पहिल्याच बिलावर छापा. मग नकार तुम्ही देत नाही, कागद देतो. तरीही जमत नसेल तर वसुली घरातल्या खमक्या माणसाकडे सोपवा. अनेक घरांत ते काम सासूबाई झकास करतात.

काटेकोरपणा प्रश्नावलीत तपासू नका. तिथे आपण सगळेच स्वतःला चांगले गुण देतो. त्यापेक्षा नोकरी न सोडता 30 दिवस छोटी विक्री करा. रोज रात्री झोपण्यापूर्वी आलेले पैसे, गेलेले पैसे, उरलेला माल आणि उधारी, या चारच नोंदी लिहा. घरातून वापरलेला गॅस आणि स्वतःचे तासही धरा. बहुतेकांचा नफा इथेच फुगलेला असतो. दुसऱ्या आठवड्यात वही कोरी राहू लागली, तर लिहिणारा भागीदार आधी शोधा, दुकानाचा गाळा नंतर.

आणि गाळ्याची अनामत भरण्याआधी एक आकडा ठरवून त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहा: किती रुपये बुडाले तरी घरचं रेशन, मुलांची फी आणि कर्जाचा हप्ता थांबणार नाही. तो आकडा घरच्यांना वाचून दाखवा आणि खाली त्यांची सही घ्या.