कोल्ह्याची वाट बघत बसलेला जीव

सूक्ष्मदर्शकाखाली हे लालसर रेघारेघांचं जे दिसतंय ना, तो हरणाच्या हृदयाचा तुकडा आहे, तांदळाच्या दाण्याएवढा, दोन काचांमध्ये दाबलेला. हरीण नॉर्वेचं, रेड डिअर, तिथले लोक त्याला योर्ट (hjort) म्हणतात, आपल्या सांबराच्या नात्यातलंच. आता जरा झूम करू. धाग्यांच्या मध्ये ती लांबट पिशवी दिसली? दोन्ही टोकांना निमुळती. ती शीर नाही आणि चरबीपण नाही, ती सार्कोसिस्टिस नावाच्या एकपेशीय परजीवीची. ग्रीकमध्ये सार्क्स म्हणजे मांस आणि किस्टिस म्हणजे पिशवी, म्हणजे बारसं करताना कुणी फार डोकं खाजवलेलं नाही.

पिशवी फोडली की केळ्यासारखे वाकडे जीव बाहेर सांडतात, हजारोंनी. एकेक जेमतेम मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा.

1843 मध्ये मीशर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाला उंदराच्या स्नायूत असेच पांढरे दोरे दिसले होते. पण हे नक्की काय, बुरशी की प्राणी, यावरच पुढे शंभरेक वर्षं घोळ चालला, कारण याचं अर्धं आयुष्य दुसऱ्याच जनावराच्या पोटात जातं आणि हे कळायला 1970 चं दशक उजाडलं.

होतं काय, कोल्हा हरणाचं मांस खातो, ते केळ्यासारखे जीव त्याच्या आतड्यात शिरतात, तिथे नर-मादी तयार होतात आणि विष्ठेतून बारीक बिजं गवतावर पडतात. कोल्ह्याला सहसा काही होत नाही. हरीण ते गवत चरतं, बिजं आधी रक्तवाहिन्यांच्या अस्तरात वाढतात, मग स्नायूत जाऊन पिशवी बांधून गप्प बसतात. हरणात राहून पुढे जायला वाटच नाही, कुणीतरी त्याला खाल्लं पाहिजे!

एकाच हरणात सार्कोसिस्टिसच्या दोन-तीन जाती सहज सापडतात, आणि वरवर सारख्याच दिसतात. अगदी जवळून पाहिलं तर कुणाच्या पिशवीवर केसांसारखी लव, कुणाच्या बोटांसारखे उंचवटे, आता तर डीएनएच बघतात. 2010 मध्ये एका जातीचं नावच ठेवलं हजोर्टी, म्हणजे आपला योर्टच, फक्त स्पेलिंग लॅटिनवाल्यांनी वाचलं. तीच जात तिथल्या मूसमध्येपण, म्हणजे तिथल्या थोराड हरणातपण निघाली, आणि तिचे नर-मादी तयार होतात ते कोल्ह्यातच.

माणसात पूर्ण वाढणाऱ्या जाती मुख्यतः गाय-डुकराच्या मांसातल्या. तरी जपानमध्ये कच्चं हरीण खाऊन पोटं बिघडलीत. नीट शिजवलं की हा मरतोच.

सप्टेंबरमध्ये शिकार सुरू होते. शिकारी हरीण तिथेच साफ करतात, कोथळा जंगलात टाकतात, कुत्र्याला एखादा कच्चा तुकडा देतात. अंधार पडला की झाडीतून कोल्हा येतो.