दोन क्लचची गाडी घ्यायची का?

(दृश्य: हिंजवडी, संध्याकाळ. वाकडच्या दिशेनं गाड्यांची लांब रांग.)

ऑफिसं सुटली आहेत आणि हिंजवडीतून बाहेर पडणारी रांग पावलापावलानं सरकतेय. यातल्या ज्या गाड्यांना ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, त्यांची खरी परीक्षा एक्स्प्रेस वेवर होत नाही. ती इथे होते.

(दृश्य: गिअरबॉक्सचं आकृतीचित्र.)

या गिअरबॉक्समध्ये क्लच दोन. एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा, सातवा गिअर. दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. गाडी तिसऱ्यात धावत असतानाच चौथा तयार असतो. एक क्लच सुटतो, त्याच क्षणी दुसरा धरतो. गिअर कधी पडला ते कळतही नाही, इतकं ते सफाईदार असतं.

पण रांगेत गाडी माणसाच्या चालीनं सरकते तेव्हा क्लच पूर्ण धरतच नाही. ज्याला आपण हाफ क्लच म्हणतो, ते इथे गाडीचा संगणक सतत करत असतो. घर्षणानं प्लेटा तापतात. वेट क्लचमध्ये त्या तेलात असतात, तेल उष्णता ओढून घेतं. ड्राय क्लचला फक्त हवेचा आधार.

फोक्सवॅगन आपल्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सला डीएसजी म्हणते. त्यातला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी २००८ साली आला. २०१३ च्या मार्चमध्ये कंपनीला चीनमधल्या ३,८४,१८१ डीएसजी गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. नोव्हेंबरमध्ये जगभरातल्या १६ लाख गाड्यांच्या गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरायचं ठरलं. हवा उष्ण आणि दमट असेल, गाडी सारखी थांबत-निघत चालत असेल, तर त्या तेलामुळे गिअरबॉक्सचा वीजपुरवठा बिघडू शकत होता. उष्ण, दमट, थांबत-निघत. म्हणजे मे महिन्यातला घोडबंदर रोड.

फोर्डचा पॉवरशिफ्ट नावाचा ड्राय क्लच गिअरबॉक्स तर कोर्टात गेला. गाडी थरथरते म्हणून आलेल्या ग्राहकांना ‘तुमची चालवायची पद्धत तशी आहे’ असं सांगितलं जात होतं. तक्रारी अशा हाताळल्याबद्दल २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयानं फोर्डला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. थरथर ही ग्राहकाची चूक नसते, हे गाडी घेणाऱ्यानं पक्कं लक्षात ठेवावं.

(दृश्य: चाकण औद्योगिक वसाहतीचा रस्ता.)

आता आपल्या दारातलं उदाहरण. चाकणला बनणारी फोक्सवॅगनची टायगुन २०२१ मध्ये बाजारात आली, तेव्हा १ लिटर इंजिनाला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर होता आणि दीड लिटरला सात गिअरचा डीएसजी. गाडी तीच, ऑटोमॅटिक दोन तऱ्हांचे. टॉर्क कन्व्हर्टर इंजिनाची ताकद द्रवातून पुढे पोचवतो, त्यामुळे रांगेत सरकताना क्लचच्या प्लेटा घासण्याचा प्रश्नच येत नाही. रोजचा प्रवास असल्याच रांगेतला असेल तर मी निःशंक तो सुचवेन. हायवेचा प्रवास जास्त, चालवण्याची हौस मोठी, तर ड्युअल क्लचचा आनंद खरोखर वेगळा आहे. मात्र तो वेट की ड्राय, हे आधी विचारा. २०२२ च्या अल्ट्रोझमध्ये टाटांनी वेट क्लच दिला, म्हणजे परवडणाऱ्या गाडीतही तो मिळू शकतो.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमवाल्याच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका. गर्दीत न्या, अर्धा तास तापू द्या. मग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्का बसतो का, सोसायटीच्या रॅम्पवर रिव्हर्स घेताना गाडी थरथरते का, ते पाहा. सेकंड हँड गाडी असेल तर सर्व्हिसची सगळी बिलं मागा: क्लच किंवा मेकाट्रॉनिक (गिअर आणि क्लच चालवणारं नियंत्रण युनिट) बदललंय का, आणि बदललं असेल तर किती किलोमीटरवर.

घेतल्यावर एक सवय लावा. पुढची गाडी हातभर सरकली की लगेच मागोमाग सरकू नका. थोडी जागा होऊ द्या, मग एकदम पुढे जा. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक दाबा.

आणि वाढीव वॉरंटीचे पैसे भरण्याआधी तिच्या कागदात क्लच प्लेटा शोधा. झिजणारा भाग म्हणून त्या बहुतेक वेळा वगळलेल्या असतात. मेकाट्रॉनिक धरलंय की नाही, तेही डीलरकडून लेखी घ्या.