फाईलमधलं एक टिंब

मधल्या सप्तकातली पांढरी एक सा धरलीय, आणि वर वाजतोय शुद्ध ग. साधाच कीबोर्ड आहे. नीट कान द्या, आवाज थरथरतोय, सेकंदाला साधारण १० वेळा. आता ग फक्त १४ सेंट खाली घेऊ... गेली थरथर.

पूर्ण सप्तक म्हणजे १२०० सेंट, आणि कीबोर्डवर शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये बरोब्बर १००. हे १२ सारखे भाग म्हणजे सोयीची तडजोड, सा कुठलाही धरा सगळं सारखंच जरासं बेसूर, आणि कान इतके सरावलेत की कुणाला खटकतसुद्धा नाही. मायक्रोटोनल संगीतवाल्यांना, म्हणजे या १२ च्या बाहेरचे सूर वापरणाऱ्यांना, ही तडजोडच मान्य नाही. कुणी सप्तकाचे १९ भाग करतं, कुणी ३१, कारण ३१ मध्ये मघाचा थरथर गेलेला ग जवळपास तंतोतंत सापडतो, एक सेंटचाही फरक नाही. आणि बोहलेन-पियर्स स्केलमध्ये तर सप्तकालाच सुट्टी, तिथे फ्रिक्वेन्सी तिप्पट झाली की चक्र पूर्ण, आणि त्याचे १३ भाग. पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं, उगाच खोटं कशाला बोला.

अमेरिकेतल्या हॅरी पार्च या संगीतकाराने एका सप्तकात ४३ सूर घेतले. ते वाजवणार कशावर? मग वाद्यं स्वतःच बनवली, काचेच्या भल्यामोठ्या बाटल्या कापून टांगल्या आणि त्यांच्यावर वाजवलं. पण त्याची रचना दुसऱ्या गावात वाजवायची तर ही सगळी वाद्यं तिकडे न्या आणि माणसांना ती वाजवायला शिकवा!

आज तेच काम एक टेक्स्ट फाईल करते. स्काला फॉरमॅट. वर नाव, खाली सूर किती, मग एकेका ओळीत एकेक सूर, बास. सर्ज एक्सटीसारख्या फुकट सिंथमध्ये, म्हणजे आवाज तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टाकली की नेहमीचा कीबोर्ड त्या ट्युनिंगमध्ये बोलायला लागतो. (३१ भाग केले तर ८८ पट्ट्यांमध्ये तीन सप्तकंसुद्धा बसत नाहीत, हाताची तारांबळ होते ती वेगळीच.)

फक्त त्या टिंबाकडे लक्ष ठेवा. ७००.० लिहिलं तर ते सेंट, म्हणजे कीबोर्डवरचा आपला पंचम. टिंब विसरून नुसतं ७०० लिहिलं तर सिंथ ते गुणोत्तर समजतो, मूळ सुराच्या ७०० पट फ्रिक्वेन्सी. ती ऐकायला वटवाघूळच पाहिजे.

शेअर करताना लोक अडकतात ते मिडीमध्ये, म्हणजे कीबोर्ड आणि कॉम्प्युटर एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिच्यात. मिडी फाईल एवढंच सांगते की अमुक नंबरची पट्टी दाबली, सूर नेमका कुठे लावलाय ते सहसा त्यात नसतंच, त्यामुळे नुसती मिडी पाठवली की समोरच्याकडे तीच रचना १२ सुरांच्या साच्यात वाजते आणि त्याला वाटतं हे काय भलतंच. पिच बेंडने सूर सरकवता येतो, पण तो अख्ख्या चॅनलला लागतो, म्हणजे कॉर्डमधल्या, एकदम वाजणाऱ्या, प्रत्येक सुराला वेगळा चॅनल द्या, आणि चॅनल आहेत १६.

म्हणून मिडीबरोबर स्काला फाईल द्यायची, सा कुठल्या पट्टीवर आणि किती हर्ट्झचा ते सांगणारी मॅपिंग फाईल द्यायची, आणि माझं ऐकाल तर ऑडिओही जोडायचाच. म्हणजे निदान कळतं की फाईलमध्ये गडबड झालीय की हे असंच वाजायचं होतं, कारण या संगीतात नुसतं ऐकून ते ओळखणं, खरंच सांगतो, अवघड आहे.