नामीची माय

मंडळी, वाचनालयाच्या सचिवांनी मला दिलेला विषय होता ‘पालक आणि मोबाईल’. याच विषयावर मागच्या वर्षी इथं एक साहेब बोलून गेले. पोरांच्या हातातून मोबाईल काढून घ्या, असं त्यांनी सव्वा तास सांगितलं आणि तेवढ्यात तीनदा त्यांचाच फोन वाजला. मला तसं काही सांगता येणार नाही, कारण आमच्या घरात पोराच्या हातातून मोबाईल मीच ओढतो. तेही ‘पुढचा भाग लाव बे’ असं म्हणत. म्हणून सचिवांच्या परवानगीनं विषय थोडा वाकवून घेतला आहे. मी आज जपानी कार्टूनबद्दल बोलणार आहे. त्याला ॲनिमे म्हणतात. कार्टून म्हटलं की माझा मुलगा असा चिडतो, जसं कोणी आपल्या गोऱ्ह्याला बकरी म्हटलं.

मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं. हसा. पण तुम्हीही ॲनिमे पाहिलेलं आहे. नव्वदीच्या सुरुवातीला रविवारी सकाळी आपण सगळे कोणाच्या ओट्यावर गोळा व्हायचो, आठवा. गावात मोजके टीव्ही, तेही ब्लॅक अँड व्हाइट. एक जण कौलावर ॲन्टेना फिरवायचा, खालचे ‘आलं, आलं, गेलं’ ओरडायचे. ते मोगलीसाठी. शेरखान बोलायचा नाना पाटेकरांच्या आवाजात, आणि आमच्यातले दोघे तर त्याच आवाजात घरी जेवण मागायचे. ती मालिका 1989 साली जपानात, निप्पॉन ॲनिमेशन नावाच्या कंपनीनं केलेली. मला हे कळलं ते पोरगा सातवीत गेल्यावर, त्याच्याकडून. किपलिंगनं ती गोष्ट घडवली सिवनीच्या रानात, म्हणजे नागपूरच्या वर, पेंचच्या अंगाला. वाघ आपल्या बाजूचा, लिहिणारा इंग्रज, चित्रं काढणारे जपानी आणि डरकाळी नानांची. तेव्हा हे परक्यांचं खूळ आहे, असं कोणी म्हणू नये.

आता मी यात कसा पडलो ते सांगतो. मी कास्तकार माणूस. पावणेतीनशे झाडं संत्र्याची, उरलेल्या वावरात कपाशी आणि तूर. ओलिताला लाइन, म्हणजे वीज, कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रीची लाइन म्हणजे काय, ते या सभागृहात कोणाला समजावायची गरज नाही. जानेवारी महिना, झाडावर मृग बहाराची फळं, अंगात दोन स्वेटर आणि मोटर सुरू करायची बारा वाजता. आता ठिबक आहे, पण तेव्हा अर्ध्या बागेला मी दांडानंच, म्हणजे मातीच्या पाटानंच, पाणी द्यायचो. पोरगा सोबतीला यायचा. मला वाटायचं, बापाची काळजी. तसं नव्हतं. आई मोबाईल पाहू देत नाही आणि वावरात आई नसते, इतका साधा हिशेब होता. दुपारी रेंजमध्ये बसून भाग उतरवून ठेवायचा, रात्री शेकोटीपाशी पाहायचा.

त्यात आवाज जपानी, खाली अक्षरं इंग्रजी. मला ती अक्षरं वाचेपर्यंत माणूस बोलून मोकळा व्हायचा. मग पोरगा मला वऱ्हाडीत सांगायला लागला. त्याच्या तोंडून समुद्री डाकू म्हणायचा, ‘ए बाई, पैसे काढ लवकर, मले दुसऱ्या गावी जा लागते.’ खरं सांगतो, तसं भाषांतर कोणत्याही कंपनीला जमणार नाही.

तर ती मालिका वन पीस. एइचिरो ओदा या माणसानं 1997 ला ती चित्रकथा म्हणून सुरू केली, 1999 पासून टीव्हीवर आहे, हजाराच्या वर भाग झाले आणि अजून संपायचं नाव नाही. तिचा नायक रबरासारखा ताणणारा पोरगा आहे, लुफी. तो तुमच्या पोरांना आवडतो, मला त्याचं एवढं काही नाही. मी अडकलो तो नामी नावाच्या पोरीच्या गावात. कारण तिच्या घराभोवती संत्र्याची बाग आहे!

जपानी लोक त्या फळाला मिकान म्हणतात. सैल सालीचं, बोटानं सोलता येणारं, आपल्या नागपुरी संत्र्याच्या खानदानातलं. बहुधा बी नसते त्यात, तेवढा फरक. त्या बागेची मालकीण बेलमेर. बाई आधी नौदलात शिपाई होती. एका लढाईत अर्धमेली पडली असताना तिला तीन-एक वर्षांची एक पोरगी दिसली, कडेवर दुसरं तान्हं घेऊन उभी. बेलमेरनं दोघींना उचललं, आपल्या गावी आणलं आणि संत्र्यावर वाढवलं. मोठी नोजिको, धाकटी नामी. घरात पैसा नाही. जेवायच्या वेळेला पोरींपुढं ताट आणि बाई स्वतः नुसतं संत्रं सोलून खाते. पोरींनी विचारलं तर म्हणते, माझं डाएट सुरू आहे. आमच्या घरी आतापर्यंत कोणाचंच डाएट झालेलं नाही, तरी हे वाक्य आलं तेव्हा पोरगा भाषांतर करायचं विसरला आणि मला ते न सांगताच समजलं.

पुढं गावात आर्लाँग येतो. माशाच्या जातीचा डाकू, करवतीसारखं नाक. तो जिवाचा कर बसवतो. मोठ्या माणसाचे एक लाख बेरी, लेकराचे पन्नास हजार. बेरी म्हणजे तिथले रुपये समजा. नाही दिले तर जीव जाणार. बेलमेरजवळ निघतात एक लाखाच्या जरासे वर. तिच्या नावावर लेकरं कुठंच लिहिलेली नाहीत. गावातले लोक पोरींना मागच्या मागं पळवून न्यायला तयार. बाईनं फक्त गप्प राहायचं, आपला एक लाख भरायचा आणि सुटायचं. ती पैसे पुढं करते आणि म्हणते, हे माझ्या दोन पोरींचे. मला लेकरं नाहीत, एवढं तिच्या तोंडून निघत नाही. आर्लाँग तिला तिथंच, पोरींसमोर, बागेपाशी गोळी घालतो.

मोटर सुरू होती. पोरगा शेकोटीत काडी घालत होता. मग त्यानं विचारलं, ‘बाबा, आपले किती झाले असते?’

मी मोजलं. कास्तकाराला हिशेब आवडतो. मी, त्याची आई, आजी, म्हणजे तीन लाख. तो आणि त्याची बहीण मिळून एक. झाले चार. त्या साली बाग व्यापाऱ्यानं मागितली होती तीन लाख साठ हजाराला, आणि त्यातला इसारच काय तो हातात आला होता.

‘आजीले लपवून ठेवू,’ तो म्हणाला. मग थोड्या वेळानं म्हणाला, ‘नाई. तुमचेच कमी पडते, बाबा.’

‘काहून माह्येच?’

‘मंग कोणाचे?’

याला मला उत्तर सुचलं नाही. आणि नेमका तेव्हाच दांड फुटला. आम्ही दोघंही तिकडं पाहत नव्हतो. पाणी बागेत जायच्या ऐवजी धुऱ्याखालून शेजाऱ्याच्या हरभऱ्यात गेलं, आणि चांगलं तासभर गेलं. त्याचं पुढं काय झालं ते शेवटी सांगतो.

नामीचं पुढं असं, की ती दहा कोटी बेरी जमवून आर्लाँगकडून आपलं गाव विकत घ्यायला निघते. शेवटी लुफी त्याला तोडतो-फोडतो, ती मारामारी पोरांनी तीनदा पाहिली. मला आवडलं ते मारामारीनंतरचं. नामी गाव सोडते तेव्हा आईच्या बागेतली झाडं जहाजावर नेते. संत्रेवाला म्हणून माझी इथं हरकत आहे. खारा वारा, लाकडी डेक, मुळाला जागा नाही. आपण जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधतो, डबल रिंग आळं करतो, बुंध्याला पाणी लागू देत नाही, तरी डिंक्या रोग येतोच. आणि हिची झाडं समुद्रात फळं देतात. ओदा साहेबांनी एक दिवस वरुडाकडं येऊन जावं.

तेव्हापासून मला माझी सवय कळली. पोरं पुढं लढणाऱ्याकडं पाहतात, मी मागं उभ्या असलेल्या मोठ्या माणसाकडं पाहतो. नारुतो घ्या. माझ्या पोरानं त्याचे दोनशेवीस भाग पाहिले, पुढच्या मालिकेचे पाचशे पाहिले. मी पहिल्याच भागात थांबलो आहे, इरुका मास्तरपाशी. गावावर नऊ शेपट्यांचा कोल्हा चालून आला होता, त्यात इरुकाचे आईबाप गेले. तो कोल्हा एका तान्ह्या पोराच्या पोटात कोंडला गेला, आणि तेच पोरगं आता याच्या वर्गात बसून उपद्व्याप करतं. सारं गाव त्या पोराला टाळतं. या मास्तरला तर टाळायचं दुप्पट कारण आहे. तरी तो त्याला रामेन खाऊ घालायला नेतो. रामेन म्हणजे रश्श्यातल्या शेवया समजा. आणि पोरावर फेकलेलं हत्यार आपल्या पाठीत घेतो. शेवटी कपाळाची पट्टी सोडून पोराच्या कपाळाला बांधतो, झालास तू पास. जिल्हा परिषदेचे गुरुजी इथं बसलेले आहेत, त्यांनी हा एक भाग पाहावा. बाकीचे सातशे एकोणीस नाही पाहिले तरी चालतील.

गोकू मला आवडत नाही. ड्रॅगन बॉलवाला. जगाला वाचवतो, पण घरी थांबत नाही. त्याच्या पोराला माणसात आणलं पिकोलोनं, जो आधी बापाचा दुश्मन होता. विषय संपला.

आमच्या घरच्या मंडळींची आवड वेगळी. तिचा आवडता सिनेमा वुल्फ चिल्ड्रन, मामोरू होसोदा यांचा, 2012 चा. हाना नावाची पोरगी, नवरा लांडगा-माणूस, तो मरून जातो. पदरात दोन लेकरं, रागावली की लांडगं होणारी. शहरात हे कसं लपवणार? म्हणून ती डोंगरातल्या पडक्या घरात येते, वाचनालयातली पुस्तकं आणून शेती करायला लागते आणि सगळं करपून जातं. पुस्तक वाचून शेती, ते व्हायचंच. सचिवांनी रागावू नये. मग निरासाकी नावाचा एक म्हातारा येतो. तोंडावर हसू नाही, बोलणं टोचून. म्हणतो, जमीन खोल खण, वावर मोठं कर. ती म्हणते, आम्ही तिघंच, एवढं कशाला? तो सांगत नाही. बटाटे निघतात तेव्हा तिला कळतं. शेजाऱ्यांना वाटायला लागतात ना! कोणी त्या बदल्यात अंडी देतं, कोणी तांदूळ. आपल्याकडं इर्जिक होती, साऱ्यांनी मिळून एकाचं वावर करून द्यायची, ती याच बुद्धीची.

त्यात अजून एक गंमत. साऱ्या गावाच्या वावरात रानडुकरं घुसतात, हिच्या वावरात नाही, कारण तिथं लांडग्याचा वास. हे पाहून आमची ही म्हणाली, ‘आपलीबी पोट्टी तशी असती तं कुंपणाच्या झटका मशीनचे पैसे वाचले असते.’

सिल्व्हर स्पून ही मालिका मात्र मी एकट्यानं पाहिली. ती काढणारी हिरोमू अराकावा स्वतः होक्काइदोच्या दूधवाल्या कास्तकाराची मुलगी, त्यामुळं त्यात शेणाला शेणच म्हटलेलं आहे. शहरातला हाचिकेन शेतकी शाळेत येतो, एका डुकराच्या पिल्लाला नाव देतो आणि वाढवतो. ते कापायला जाणार हे माहीत असतं. सुट्टीत राबून मिळवलेल्या पैशानं तो त्याचंच सगळं मांस विकत घेतो. पोळ्याला ज्याच्या शिंगांना बेगड लावलं तोच बैल पुढं बाजारात दावणीला बांधून आलेला माणूस इथं एक तरी असेल. त्याला मी काय सांगू? आणि कोमाबा नावाचा पोरगा, चेंडू फेकण्यात पटाईत. घरावर कर्ज, गोठा विकला जातो, तो शाळा सोडतो. आरडाओरडा नाही. गाई गाडीत चढतात, एवढंच. त्याच्या घराला जामीन राहिलेल्या मैत्रिणीच्या घरचे घोडेही जातात. जपानातसुद्धा जामीनदार बुडतो, हे मला तिथं कळलं.

पोरगी पाचवीत आहे, तिचा शिनचॅन. मला वाटायचं, नुसता वाह्यातपणा. पण त्याचा बाप हिरोशी पाहा. अकिताच्या खेड्यातून आलेला, बत्तीस वर्षांचं घरकर्ज डोक्यावर, रोज लोकलनं कामावर, आणि घरी आल्यावर सगळे त्याच्या मोज्यांच्या वासावरून बोलतात. आपलं पीककर्ज दर मार्चला नवंजुनं करून आपण दमतो, तो बत्तीस वर्षं हसतो. फवारणीहून आल्यावर मी गमबूट काढले की पोरगी नाक दाबून म्हणते, ‘आले हिरोशी.’ मला त्याचा राग येत नाही. उलट वाटतं, चला, आपल्याला एक नाव मिळालं.

वेळ झाल्याची चिठ्ठी आली आहे. तो दांड राहिला.

आमचे धुऱ्याचे शेजारी दुसऱ्या रांगेत बसलेले आहेत. भाऊ, दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही विचारलं होतं, हरभऱ्यात पाणी कसं आलं. मी सांगितलं होतं, उंदरानं दांडात बीळ केलं. तुम्ही त्याच दिवशी सहा पिंजरे आणले आणि अजूनही दर हिवाळ्यात लावता. त्या चार ओळींतला हरभरा मर रोग लागून गेला, ते मला दिसत होतं. तो उंदीर आज तुमच्यासमोर माइक धरून उभा आहे. बाहेर माझ्या गाडीत संत्र्याचे दोन क्रेट ठेवले आहेत. जाताना घेऊन जा, आणि रिकामे क्रेट तेवढे परत करा, ते व्यापाऱ्याचे आहेत.