शेवटचं एक अक्षर

मंडळी, १९९४ मध्ये संगणकशास्त्रज्ञ लेनर्ड अ‍ॅडलमन यांनी डीएनएच्या रेणूंकडून सात बिंदू रेषांनी जोडलेल्या आलेखातला एक मार्ग शोधून घेतला आणि जैविक गणनेला उधाण आलं. आज मी ज्या जाळ्यांबद्दल बोलणार आहे, ती उत्क्रांतिशील प्रक्रियकांची जाळी, मात्र निव्वळ कागदावरची. २००१ मध्ये कास्तेयानोस, मार्टिन-विदे, मित्राना आणि सेंपेरे यांनी ती मांडली. शब्द (इथे शब्द म्हणजे अक्षरांची कुठलीही ओळ) स्वीकारणारं त्यांचं रूप त्यानंतर तीनेक वर्षांनी आलं.

रचना अगदी साधी आहे. जाळ्याची प्रत्येक गाठ म्हणजे एक पेशी. तिला एकच काम येतं: अक्षर बदलणं, घालणं किंवा गाळणं. डीएनएमधल्या उत्परिवर्तनांवरूनच हे उचललंय. प्रत्येक शब्दाच्या हव्या तितक्या प्रती आहेत असं आपण धरतो, त्यामुळे बदल जिथे जिथे शक्य, तिथे तिथे वेगवेगळ्या प्रतींवर होतो. मग शब्द शेजारच्या गाठींकडे निघतात. प्रत्येक गाठीला आत येण्याची आणि बाहेर जाण्याची अशा दोन गाळण्या असतात; कुठल्या शब्दाला सोडायचं हे त्या ठरवतात. ठरलेल्या गाठीत एखादा शब्द पोहोचला, की सुरुवातीचा शब्द स्वीकारला.

भाषा म्हणजे इथे शब्दांचा संच. गाळणी म्हणून कुठलीही नियमित भाषा, म्हणजे मर्यादित स्मृतीच्या साध्या यंत्राला ओळखता येणारी भाषा, चालत असेल, तर हे जाळं ट्यूरिंग यंत्राच्या, म्हणजे संगणकाच्या कागदी नमुन्याच्या, तोडीचं ठरतं. यात मला फारसं नवल वाटत नाही; गाळणीलाच इतकी अक्कल दिल्यावर पेशीने काय कमावलं? खरी गंमत गाळणीचे हातपाय बांधल्यावर सुरू होते. फ्लोरिन मानिया आणि बियांका ट्रुथं या संशोधकांनी नेमकं तेच केलं.

समजा गाळणीला शब्दाचं फक्त शेवटचं अक्षर दिसतं, बाकी काही नाही. 'अबब' हा शब्द घ्या. पेशी कुठल्याही एका 'ब'चा 'क' करते. मिळतात 'अकब' आणि 'अबक'. आता बाहेरची गाळणी सताड उघडी ठेवायची आणि पुढच्या गाठीत 'क'ने संपणाऱ्यांनाच आत घ्यायचं. 'अबक' पुढे गेला. 'अकब'ला कुठेच थारा नाही, तो नष्ट झाला. कुठेही होऊ शकणारा बदल आपण शेवटच्या जागी बांधून टाकला! इथे बाहेरचीच गाळणी कडक ठेवली असती तर घोटाळा झाला असता: 'अकब' आतच अडकला असता, पुढच्या फेरीत त्याचा 'अकक' झाला असता आणि तोही 'क'ने संपतो म्हणून सहीसलामत सुटला असता. अशी बांधकामं करणाऱ्याला हे सांभाळावंच लागतं. पुढची सिद्धता लांबलचक आहे, ती आज नको. निकाल असा, की एवढ्याशा गाळण्यांनीही गणनीयरीत्या प्रगणनीय असलेली, म्हणजे जिच्या शब्दांची यादी एखादा संगणक एकेक करून देत जाऊ शकेल अशी, प्रत्येक भाषा स्वीकारता येते.

आता उलट टोक पाहू. क्रम न पाहणारी गाळणी घ्या. तिला अक्षरं मोजता येतात: 'अ' सम आहेत का, 'ब' तीनाहून जास्त आहेत का. शेवटचं अक्षर पाहणारीला हे स्वप्नातही जमणार नाही. तरीही तिचं जाळं 'अब' आणि 'बअ' यांत फरक करू शकत नाही. पेशीचा बदल कुठेही होतो, गाळणीला क्रम कळत नाही. मग 'अब'चा प्रत्येक प्रवास 'बअ'लाही जागा अदलून करता येतो. म्हणजे फक्त 'अब' हा एकच शब्द असलेली, दोन अक्षरांची चिमुकली भाषासुद्धा हाताबाहेर! केवळ मर्यादित यादी पाहणाऱ्या, ठरावीक वर्णमालेचेच शब्द सोडणाऱ्या, किंवा ठरावीक लांबीपुढे सगळं सोडणाऱ्या वा सगळं अडवणाऱ्या गाळण्याही अशाच कमी पडतात.

मला सर्वात आवडतो तो चक्रीय गाळण्यांचा निकाल. शब्द गोल फिरवला तरी त्यांचा निर्णय बदलत नाही, पण क्रम त्यांना कळतो: 'अबक' आणि 'अकब' त्या वेगळे ओळखतात. वाटतं, आता तरी जमेल. नाही जमत. 'अबक' स्वीकारणारं जाळं 'बकअ' आणि 'कअब'ही स्वीकारून बसतं, कारण शब्द कुठे संपतो हे त्यांना कधीच कळत नाही.