हाताळला गेला नाही

रात्रीचे पावणेतीन. फोन वाजतो. कोणाचा कॉल नाही, तो अलर्ट आहे, सर्व्हर आडवा झाला की वाजणारा. ज्याचा ऑन-कॉलचा आठवडा आहे, म्हणजे बिघाड झाला की कधीही धावायची पाळी ज्याची, तो अंधारातच लॅपटॉप उघडतो, लॉग बघतो, डिस्क भरलीये, जुन्या फाइल्स उडवतो, सर्व्हिस रीस्टार्ट करतो, झालं. वीस मिनिटांचं काम. पण परत डोळा लागायला दीड तास जातो आणि साडेनऊला स्टँडअप, टीमची रोजची छोटी मीटिंग, आहेच, तिथे ही वीस मिनिटं कोणी विचारत नाही कारण त्यांचं टिकेट, म्हणजे कामाची नोंद, नसतं.

हाच अलर्ट मागच्या आठवड्यातही वाजला होता बरं का. नीट दुरुस्त करायला दोन दिवस हवेत, आणि ते दोन दिवस प्रत्येक प्लॅनिंगमध्ये पुढे ढकलले जातात, आधी नवीन फीचर. म्हणजे डिस्क भरणार, माणूस उठणार.

बर्नआउट म्हटलं की वाटतं दमलाय बिचारा, चार दिवस सुट्टी टाक, होशील ठीक. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये यावर लिहिलं तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यातले लोक होते, तो स्वतः पण तिथे राबायचा, आणि त्याला दिसलं की यात सापडतात ते कामचुकार नाही, जीव ओतून करणारे.

पुढे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची व्याख्या केली. आजार म्हणून नाही, नोकरीतून उद्भवणारी गोष्ट म्हणून. खुणा तीन: अंगातली ताकद संपणं, कामावरून मन उडणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून धड काही होत नाही असं वाटणं.

पहिली खूण सगळ्यांना दिसते. दुसरी फसवी आहे. जो पोरगा कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे दुसऱ्याचा कोड तपासताना, एका फंक्शनच्या नावावरून अर्धा तास भांडायचा तो आता नुसता अंगठा टाकून मोकळा होतो, मीटिंगमध्ये काही बोलत नाही, डेडलाइन अशक्य आहे हे दिसत असूनही हो म्हणतो. आणि मॅनेजरला वाटतं, चला, मॅच्युअर झाला. आतून तो कधीच निघून गेलाय, राजीनामा यायला अजून सहा महिने आहेत इतकंच.

आता त्या व्याख्येतला एक शब्दप्रयोग बघा. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण, जो नीट हाताळला गेला नाही. शाळेत शिकलेला कर्मणी प्रयोग. कोणी हाताळायचा होता? ते वाक्यात नाहीच. आणि ही रिकामी जागा कंपनी पटकन भरते: तुम्ही. मग मेडिटेशन अ‍ॅपचं फुकट सबस्क्रिप्शन येतं, रेझिलियन्सवर, म्हणजे ताण झेलायच्या ताकदीवर, वेबिनार येतो, तोही लंच ब्रेकमध्ये, आणि अप्रेझलला ऐकवलं जातं, टाइम मॅनेजमेंटवर काम कर.

अप्रेझल हा तर वेगळाच खेळ. अख्खी टीम चांगली असली तरी कोणाला तरी तळाला टाकायचंच, अशी सक्तीची क्रमवारी. मायक्रोसॉफ्टने ती २०१३ मध्ये बंद केली, पण बाकी ठिकाणी हाच बेल कर्व्ह, थोडे वर, बरेचसे मध्ये, थोडे तळाला, वेगवेगळ्या नावांनी नांदतोच आहे. शेजारच्याला मदत केली तर आपला नंबर घसरणार, मग रात्री अडकल्यावर हाक मारायची कोणाला?

तासांचं म्हणाल तर चीनमधल्या प्रोग्रामर्सनी २०१९ मध्ये गिटहबवर, म्हणजे प्रोग्रामर्स कोड ठेवतात त्या साइटवर, ‘९९६.आयसीयू’ नावाचा प्रोजेक्टच काढला. सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस, म्हणजे ७२ तास, असंच चाललं तर शेवट आयसीयूत. जोक वाटतो, पण २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मिळून काढलेला आकडा आहे: आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा सुमारे ३५ टक्के जास्त. त्याच वर्षी चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने ९९६ बेकायदेशीर असल्याचं स्पष्ट केलं.

आपल्या ऑन-कॉलवाल्याकडे परत येऊ. सोमवारी इन्सिडेंटवर मीटिंग झाली, डॉक्युमेंट पण लिहिलं गेलं. डिस्क भरली गेली. अलर्ट वेळेत बघितला गेला. क्लीनअप ऑटोमेट केलं जावं. पुढे दोन रकाने आहेत, जबाबदार व्यक्ती आणि तारीख.

दोन्ही रिकामे.