कामठ्यासाठी रानातलं लाकूड कसं पारखावं

श्रोतेहो, नमस्कार.

धनुष्य ओढताना मोडलं की दोष घडवणाऱ्याच्या हाताला दिला जातो. पण बऱ्याच वेळा चूक त्याआधीच, रानात झाड निवडताना झालेली असते. म्हणून आज घडणावळ बाजूला ठेवू आणि फक्त निवडीबद्दल बोलू. आपल्याकडच्या दोनच वनस्पती घेऊ, मानवेल बांबू आणि धामण.

सातपुड्यातल्या भिल्लांचा कामठा, म्हणजे धनुष्य, बांबूचा असतो, आणि त्याची दोरीही बांबूच्या चिवट पट्टीची करतात. त्यासाठी लागतो तो भरीव बांबू, म्हणजे मानवेल. कोरड्या, खडकाळ उतारावरची मानवेल बुंध्याकडे जवळपास भरीव निघते. तीच जात ओलसर, खोल मातीत वाढली तर आतून पोकळ होते. त्यामुळे नाल्याकाठचं उंच, देखणं बेट, म्हणजे बांबूंचा पुंजका, सोडा आणि चढावरचं खुरटं दिसणारं बेट शोधा.

बेट मिळालं की वय ओळखायचं. पहिल्या वर्षीचा बांबू हिरवागार असतो, अंगावर पांढरट भुकटी असते, गाठींवर आवरणं चिकटलेली असतात. तो कोवळा, वाळताना सुरकुततो आणि लवकर कीड धरतो. दुसऱ्या वर्षी आवरणं गळतात, रंग गडद होतो. आपल्याला हवा तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा: रंग मंद, पिवळसर, सालीवर दगडफुलासारखे डाग, आणि कोयत्याच्या पाठीने ठोकलं तर आवाज टणक. नवे वास्ते, म्हणजे कोंब, बेटाच्या कडेला फुटतात, म्हणून जून बांबू आत सापडतात. फार जुना, करडा पडलेला बांबू मात्र घेऊ नका, तो ठिसूळ असतो. बेट फुलोऱ्यावर आलं असेल तर त्यातलाही घेऊ नका. फुलल्यावर मानवेल मरते आणि तिचा चिवटपणा जातो.

तोड पावसाळा सरल्यावर, थंडीत. उन्हाळ्यात बांबूत पिष्ट साठलेलं असतं, त्यावर भुंगेरे तुटून पडतात. रचलेल्या बांबूंखाली पिवळसर पीठ दिसलं की समजा, आत पोखरण सुरू आहे. जमिनीपासून वीतभर वर, गाठीच्या लगेच वर तोडा, म्हणजे खुंटात पाणी साचून बेट कुजत नाही. पुढे तासायचं काम आतल्या अंगाने करायचं. सर्वांत दाट धागे सालीखालीच असतात. ती साल किंवा गाठींचे उंचवटे तासून गुळगुळीत केले की बांबू नेमका तिथेच चिरफळतो.

आता धामण, साप नव्हे, झाड. संस्कृतात तिला धन्वन म्हणतात, धनुर्वृक्षही म्हणतात. नावातच धनुष्य आहे. कुऱ्हाडीच्या दांड्याला लोक हिलाच पसंती देतात, कारण हे लाकूड झटका सोसतं. ओळख पानावरून पटते: कडा दातेरी, बुडाशी पान दोन बाजूंना असमान, तिथूनच ठळक शिरा फुटलेल्या. फुलं बारीक, पिवळी. फळं वाटाण्याएवढी, पिकल्यावर काळी, खाता येतात. डहाळीची साल सोला, ती दोरीसारखी लांब निघते. पानगळीत यातलं बरंचसं दिसत नाही, म्हणून पान-फळ असतानाच झाडं पाहून ठेवा आणि तोड थंडीत करा.

आता खोड पाहा. मनगटापेक्षा जाड, साधारण 10 ते 12 सेंटिमीटर, आणि सहा फूट तरी फांदी-गाठीविना सरळ. सालीच्या भेगा वर कशा जातात ते नीट बघा. त्या खोडाभोवती पीळ घेत असतील तर आतला धागाही पिळलेला आहे, आणि चिरल्यावर फाळी पंख्याच्या पात्यासारखी निघेल. कललेलं झाडही टाळा. कललेल्या खोडाच्या दोन बाजूंवर ताण वेगवेगळा असतो, म्हणून वाळताना फाळी वाकडी होते. शंका असेल तर अंगठ्याएवढी फांदी मोडून बघा. लांब धागे ओढत तुटली तर चांगलं, खटकन सपाट तुटली तर ते झाड सोडा.

बांबू असो वा धामण, वनातून तोडताना ग्रामसभा किंवा वनखात्याची परवानगी आधी घ्या.

धामण करवतीने उभी कापू नका. पाचरी ठोकून फाडा, म्हणजे चीर धाग्याबरोबर जाते. त्याच दिवशी दोन्ही टोकांना मेण किंवा रंग लावा, नाहीतर टोकं आधी वाळून वीत-वीत तडे जातात. फाळी सावलीत, जमिनीपासून उचलून ठेवा आणि दर आठवड्याला काट्यावर तोला. वजन उतरायचं थांबेपर्यंत तिला हात लावू नका. धामणीला यात महिने जातात. ओल्या लाकडाचं धनुष्य लगेच तुटत नाही, पण ओढलं की बाक धरून बसतं आणि तो बाक मग निघत नाही.